गोळी गरम पडू नये म्हणून

माझ्या हाताला काय झालं होतं, हे मला अजून धड सांगता येत नाही. मुलीला येतं. ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि औषधानं माणसाचं जे जे बिघडू शकतं, त्या प्रत्येकासाठी तिच्या पुस्तकात एकेक कप्पा आहे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. निळा कुठं संपतो आणि जांभळा कुठं सुरू होतो यावर मी पोरांशी तासच्या तास वाद घातलेत. मला कप्पे जमत नाहीत, त्यामुळे या प्रकरणात माझी त्रेधा उडाली ती उडणारच होती.

निवृत्त होऊन वर्ष होत आलं तेव्हा मी मंद व्हायला लागलो. सगळ्यांना पंखा लागायचा तेव्हा मला शाल लागायची. दुपारी पेपर वाचता वाचता झोपायचो, आणि उठल्यावर कुठल्या बातमीवर झोपलो तेही आठवायचं नाही. आवाज घोगरा झाला, पोट सुटलं, कातडी कोरडी पडली. बायको शिक्षिकाच, त्यामुळे तिच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा नव्हती. एकदा, मी चहा घेतला का, हे तिला तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "अवं, शाळंतनं रिटायर झालासा, का सगळ्यातनंच?"

रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं. डॉक्टरांनी एक छोटी बाटली दिली, आत बडीशेपेच्या गोळीएवढ्या शंभर गोळ्या. रोज सकाळी उठल्यावर अनशापोटी एक घ्यायची, चुकवायची नाही, आता ही जन्माची सोबतीण, असं ते हसत म्हणाले. मीही हसलो. बाटली शर्टाच्या खिशात टाकली की चालताना वाजायची.

आता आमच्याकडं गोळी घ्यायची एक रीत आहे. गोळ्या गरम पडतात, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत आहे. तापाची असो, जुलाबाची असो, आई ती दुधाबरोबरच द्यायची. नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली की तोंड येतं, डोळे जळजळतात, पोटात आग पडते, आणि दुधानं ती आग विझते. साइड इफेक्ट हा शब्द आमच्या गल्लीत यायच्या आधी त्याच्यावरचा उतारा आमच्या घरात चरवीत भरलेला होता. शिवाय मी रोज पहाटे फिरून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाणारा माणूस. तिथं म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाचा पेला हातात देतात. ते दूध आम्ही खाण्यात धरत नाही. खाणं म्हणजे चटणी-भाकरी, पोहे, मिसळ. त्याच्या आधी जे पोटात जातं ते सगळं अनशापोटीच. तर मी रोज पेला हातात आला की खिशातली बाटली उघडायचो, गोळी जिभेवर ठेवायचो आणि फेसाबरोबर गिळायचो. कट्ट्यावरचे लोक त्याला मास्तरांचा खुळखुळा म्हणायचे.

गोळी काही लागू पडेना. दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायच्या, विचारायचं की गोळी अनशापोटीच घेता ना, चुकवत नाही ना. मी म्हणायचो, एक दिवस चुकवली नाही. ते खरंच होतं. मग बाटलीवरचा गोळीच्या ताकदीचा आकडा वाढायचा. असा तो वाढत वाढत गेला आणि उन्हाळा संपता संपता मी एकदाचा माणसात आलो. शाल सुटली. पेपरातली कोडी सुटायला लागली. बायको म्हणाली, बरं झालं, आता भांडायला मजा येईल.

त्याच वेळच्या तपासणीत चरबी जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता म्हशीचं दूध बंद करा. मला हे फार लागलं. कट्ट्यावरचं दूध सोड असं कोल्हापूरकराला सांगणं म्हणजे काय, हे त्यांना कळायला हवं होतं, तेही इथलेच. पण मी शिस्तीचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून कट्ट्याचा रस्ताच टाळला. सकाळी उठून घरीच तांब्याभर पाणी प्यायचो आणि त्याच्याबरोबर गोळी घ्यायचो. गरम पडेल ही धास्ती होतीच, पण म्हटलं, सोसू थोडं.

इथं मला माझ्या दुसऱ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, जिच्यात पगार कधीच नव्हता. कुंभार गल्लीत माझा शाळेपासूनचा मित्र गणपती करतो. मूर्ती सगळ्या त्याच्या, पण डोळे माझे. कॉलेजात असल्यापासून आषाढ लागला की मी संध्याकाळी त्याच्या कारखान्यात जाऊन बसतो. अंग रंगवून, दागिने रंगवून मूर्ती रांगेनं उभ्या असतात, सगळ्या आंधळ्या. मी बारीक ब्रश घेतो, श्वास रोखतो आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो. ती रेघ दोनदा ओढता येत नाही. गिरवली की डोळा मेला. शाळेत मला कुणी मोठा चित्रकार मानलं नाही, आणि मी तो नव्हतोही, पण चतुर्थीला आमच्या पेठेतून जाताना घराघरातून माझी रेघ माझ्याकडं बघते, हे मला पुरत होतं. हे सुख मी कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा आषाढात पहिल्याच संध्याकाळी रेघ हलली.

मी म्हटलं, ब्रशचे केस फुटलेत. दुसरा घेतला. तीही हलली. नागाच्या चालीसारखी वळवळत गेलेली ती रेघ मी मुकाट्यानं पुसली आणि मित्राला म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.  घरी येऊन खोलीचं दार लावलं आणि दोन्ही हात पुढं धरले. बोटं थरथरत होती. बारीक, पण सारखी.

माझ्या वडिलांना कंपवात होता. चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजायची. आधी कप वाजायचा, मग त्यांची मानही हलायला लागली, मग आम्ही बशी बाजूला ठेवून त्यांना पेल्यातून पाजायला लागलो. शेवटी सही करता येईना म्हणून अंगठा लावला, आणि ते मोडी अक्षर वळणदार काढणारे गृहस्थ होते. त्या खोलीत हात पुढं धरून मी उभा होतो तेव्हा मला कपबशीच ऐकू येत होती. मी घाबरलो. कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरला तर नाहीच, कारण त्यांनी ते नाव उच्चारलं असतं.

मग एकेक सुरू झालं. छाती धडधडायची. बसल्या जागी घामानं बनियन भिजायचं. आषाढातल्या गारठ्यात मी पंखा लावायचो आणि बायको गोधडी ओढून घ्यायची. झोप उडाली. सकाळी दोन-दोनदा संडासला पळावं लागायचं. आणि राग. मी आधीही काही संत नव्हतो, पण आता भाकरीला पापुद्रा आला नाही म्हणून ताट सरकवायला लागलो. बायको सुरुवातीला हसली, मग गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे प्रकरण गंभीर असतं, पण मला ते कळत असून वळत नव्हतं. रागावणारा मी होतो की माझ्या आत दुसरं कुणी होतं, हेच कळेना. कधी वाटायचं गोळी गरम पडली, कधी वाटायचं म्हातारपण आलं, कधी वाटायचं वडील आले.

नेमकी तेव्हाच मुलीची परीक्षा होती आणि विषय होता औषधांचे नको असलेले परिणाम. ती स्वयंपाकघरात फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ करायची. मी पेपर पुढं धरून ऐकायचो. सर्दीची गोळी घेतली की झोप येते, ती ठरलेल्या मापातच येते, सगळ्यांना थोडीफार येते, तो साइड इफेक्ट. तापाची गोळी मापाबाहेर घेतली की यकृत बिघडतं, तो विषारी परिणाम. एखाद्याला पेनिसिलिनच्या टिपूसभर औषधानं अंगभर गांधी उठतात, ती अॅलर्जी, तिथं मापाचा संबंध नाही, शरीरच त्या औषधाशी वैर धरतं. एखाद्याच्या रक्तातच जन्मापासून काहीतरी कमी असतं, मग हजारांना पचलेली मलेरियाची गोळी त्याच्या एकट्याच्या रक्तपेशी फोडते. आणि रक्तदाबाची काही औषधं अशी की ती एकदम बंद केली की दाब पहिल्यापेक्षा वर उसळतो.

मी एकेक कप्पा स्वतःला लावून बघायला लागलो, देवळाबाहेर आपली चप्पल सापडत नाही तेव्हा दुसऱ्याच्या घालून बघतो तसं. साइड इफेक्ट म्हणावा, तर इतके महिने तीच गोळी घेतोय, आत्ताच का? विषारी म्हणावं, तर डॉक्टरांनी सांगितली त्यापेक्षा एक जास्त घेतली नाही. अॅलर्जीला अंगावर काही उठायला हवं होतं. जन्मापासूनचं काही असेल, तर मग ते वडिलांचंच, आणि तिथं आलं की मी पुढं विचार करायचो नाही. एकदा मी मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की हात कशानं थरथरतात. तिनं न थांबता दम्याच्या औषधापासून चहापर्यंत इतकी नावं सांगितली की मी पेपरात तोंड घातलं.

मित्राचं निदान मात्र पक्कं होतं. कारखान्यात मी तिसऱ्या संध्याकाळी ब्रश खाली ठेवला तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, दूध सोडलंस न्हवं, त्येनं हात हलाय लागलाय बघ. अंगातली ताकद गेली." मी घरी येऊन हे सांगितलं तर मुलगी खदाखदा हसली. दूध ही काय दारू आहे का सोडल्यावर हात कापायला, म्हणाली. मीही हसलो. मग आठ-पंधरा दिवस मी कुंभार गल्लीकडं फिरकलो नाही, आणि गेलो तेव्हा माझ्या पाटावर मित्राची सून बसली होती. ती डोळे काढत होती. मित्र घाईघाईनं म्हणाला, ऑर्डरी अडल्यात, तुला बरं वाटेपर्यंत. मी वाकून बघितलं. रेघ चांगली होती. माझ्यापेक्षा जरा जाड, पण जिवंत होती. तिचं कौतुक केलं आणि बाहेर येऊन कितीतरी वेळ पापाच्या तिकटीच्या चौकात उभा राहिलो, घरी जायचं की कुठं तेच सुचेना.

त्या दिवशी घरी मी बायकोवर इतका ओरडलो की शेजारचे बाहेर आले. कशावरून, ते आठवत नाही. ती उठून गच्चीवर गेली. मुलगी माझ्यासमोर बसली आणि तिनं माझं मनगट धरलं, नाडी बघायला. तिच्या हातात माझा हात थरथरत होता. मग मी तिला सांगितलं. डोळ्यांचं, सुनेचं, वडिलांच्या कपबशीचं. सांगताना माझं मलाच रडू आलं. ती म्हणाली, उद्या डॉक्टरकडं. मी म्हटलं, जाऊ, पण आधी सकाळी मला कट्ट्यावर जायचंय. चरबी गेली खड्ड्यात. जन्माचा कंपवात होणारच असेल, तर निदान दूध तरी पिऊन घेऊ.

ती माझ्याबरोबर आली. पाऊस भुरभुरत होता, म्हशींच्या पाठीवरून वाफ निघत होती. कट्ट्यावरच्यांनी मला बघून जागा करून दिली. गवळ्यानं धार काढून पेला हातात दिला. फेस हातातल्या थरथरीनं काठावरून सांडत होता. मी सवयीनं खिशातली बाटली काढली, गोळी जिभेवर ठेवली आणि पेला तोंडाला लावला. तेवढ्यात मुलीनं माझा दंड धरला.

"पप्पा, ही गोळी दुधाबरोबर घेतासा?"

मी गोळी गिळून म्हटलं, "मग? गरम पडती न्हवं."

"पहिल्यापासनं?"

"पहिल्यापासनं. मधी दूध बंद केलं तवा तेवढी पाण्याबरोबर घेतली."

 मग तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि कट्ट्याच्या कडेवर ठेवला. मला वाटलं चरबीसाठी.

डॉक्टरांच्या खोलीत तिनंच सांगितलं, मी नुसता बसलो होतो. दुधातलं कॅल्शियम ही गोळी पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊच देत नाही. म्हणून गोळी लागू पडत नव्हती, म्हणून आकडा वाढत गेला. वाढता वाढता तो इतका झाला की दुधातून निसटून जेवढी गोळी अंगाला लागायची, तेवढी पुरायला लागली. आणि तेव्हाच दूध बंद झालं. मग तो सगळाच्या सगळा आकडा अंगात उतरला. धडधड, घाम, झोप उडणं, राग, हाताची थरथर, सगळं त्याचं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, मी तुम्हाला अनशापोटी म्हणालो होतो. मी म्हटलं, घेत होतो की. ते माझ्याकडं बघून मान हलवत राहिले आणि म्हणाले, या गावात आधी दुधाचंच विचारायला पाहिजे होतं. रक्त तपासलं, त्यातही तेच आलं. गोळी काही दिवस बंद, मग कमी ताकदीची, फक्त पाण्याबरोबर, आणि दूध प्यायचंच तर संध्याकाळच्या धारेचं, तेही अर्धा पेला.

मी विचारलं, म्हणजे कंपवात नाही ना. ते म्हणाले, गोळी उतरेपर्यंत थांबा, पण मला तरी तसं वाटत नाही. बाहेर येऊन मी फुटपाथवर बसलो.  मुलीनं उसाचा रस आणला.

तरी मला हे प्रकरण कुठल्या कप्प्यात घालायचं ते कळत नाही. मुलगी म्हणाली, मापाबाहेर गेलं म्हणून विषारी परिणाम. मी म्हटलं, मी माप मोडलंच नव्हतं. मग ती म्हणाली, दूध आणि औषध यांची एकमेकांत ढवळाढवळ, त्याचा वेगळा कप्पा आहे. मी म्हटलं, अगं, ढवळाढवळ चालू होती तेव्हा शेवटी शेवटी मी ठणठणीत होतो, ती थांबली तेव्हा आजारी पडलो. ती पेन चावत बसली. मग मी म्हटलं, म्हणजे माझा मित्र म्हणत होता तेच, दूध सोडलं म्हणून. ती चिडून उठून गेली. तो म्हणाला ते खरं होतं आणि ज्यामुळं म्हणाला ते साफ चूक होतं, याचं काय करायचं ते तिलाही सुचलं नाही. आणि मला छळते ती गोष्ट वेगळीच. गोळीचा त्रास होऊ नये म्हणून मी दूध घेत होतो. त्या काळजीतनंच सगळा त्रास झाला.

थरथर एकदम गेली नाही. रोज सकाळी पाण्याचा पेला धरून मी पाण्याकडं बघायचो. कधी वाटायचं शांत आहे, कधी वाटायचं मीच श्वास रोखल्यामुळं शांत आहे. बायकोशी समेट झाला, म्हणजे ती पुन्हा बोलायला लागली. ती म्हणाली, मला वाटलं हा तुमचा खरा स्वभाव बाहेर आला. मी म्हटलं, तो पण असेल थोडा. तिनं माझ्यापुढं ताट सरकवलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुलीला घेऊन कुंभार गल्लीत गेलो. कारखाना जवळजवळ रिकामा होता. सगळे गणपती डोळे घेऊन आपापल्या घरी गेले होते, ते डोळे सुनेचे होते. एकच मूर्ती मागं फडक्याखाली होती. मित्रानं फडकं काढलं. आमच्या घरची, दरवर्षीचीच, आंधळी. तो म्हणाला, "ही ठेवलीया. काढ न्हाय तर सून काढंल, काय बिघडत न्हाय." असं म्हणून तो मुद्दाम दुसरीकडं काहीतरी आवरायला गेला.

पाटावर बसलो. ब्रश भिजवला, टोक ओठांनी जुळवलं. हात पुढं धरून बघायचं धाडस झालं नाही. श्वास रोखला आणि रेघ ओढली. डावा डोळा. मग उजवा. मग बुबुळं, मग त्यातला पांढरा ठिपका. मूर्तीनं माझ्याकडं बघितलं. रेघ माझीच होती.

ब्रश खाली ठेवला आणि तेव्हा हात थरथरायला लागला, असा की पाण्याची वाटी कलंडली. मुलगी घाबरून खाली बसली, तिनं मनगट धरलं, नाडी शोधायला लागली. मी दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि तिला म्हटलं, "असू दे. ही गोळीची न्हाय."